तुलनेत निसटणारा धोका

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशनाचं काम करताना गांजाचा विषय निघाला की बोलणं हटकून तुलनेवर येतं. मुलगा म्हणतो, दारूपेक्षा बरा, गर्दच्या तर आसपासही नाही, गांजाने आजवर कोण मेलंय? वडील म्हणतात, सगळ्या नशा सारख्याच, आज गांजा तर उद्या एमडी (मेफेड्रोन). दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं. या कामातून माझं जे मत बनलं आहे ते असं : तुलना करायलाच हवी, पण आपण ती अपुऱ्या मापाने करतो. ‘जीव घेतो का’ एवढंच विचारलं तर गांजा सहज सुटतो आणि त्याचा खरा धोका नजरेआड होतो. हा धोका सगळ्यांना सारखा नाही. कोणत्या वयात सुरुवात झाली, माल किती कडक आहे, आठवड्यातून किती वेळा ओढला जातो आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास आहे का, या चार गोष्टींवर तो ठरतो. पस्तिशीतल्या माणसाने कधीमधी ओढलेला गांजा आणि पंधराव्या वर्षापासून रोज ओढलेला गांजा यांत आरोग्याच्या दृष्टीने जेवढं अंतर आहे, तेवढं कित्येकदा दोन वेगळ्या नशांमध्येही नसतं.

आधी मुलाच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. गर्द म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉइन. अफूच्या कुळातले पदार्थ मेंदूच्या तळाशी, श्वासाची लय सांभाळणाऱ्या भागावर थेट काम करतात. प्रमाण थोडं वाढलं की श्वास मंदावतो आणि थांबतो. गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी. तो मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांना जाऊन चिकटतो ते श्वासाच्या त्या केंद्रात फारच विरळ आहेत. म्हणून अतिसेवनाने श्वास बंद पडून मृत्यू हा प्रकार गांजात जवळपास दिसत नाही. दारूचं तर सोडणंही धोक्याचं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊन तो दगावूही शकतो. गांजा सोडताना चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते, घाम फुटतो, पण जिवाला धोका नसतो. ब्रिटनमधल्या डेव्हिड नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये २० नशांची १६ निकषांवर क्रमवारी लावली. तिच्यात १०० पैकी दारूला ७२, हेरॉइनला ५५, तंबाखूला २६ आणि गांजाला २० गुण मिळाले. म्हणजे ‘दारूपेक्षा बरा’ असं म्हणणारा मुलगा काही मनाने रचून बोलत नाही.

मात्र अशा क्रमवारीतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे नीट पाहायला हवं. ती संपूर्ण समाजाचं सरासरी नुकसान मोजते. दारूचा आकडा मोठा दिसतो त्यामागे दारूचे गुणधर्म आहेत, तसंच ती पिणाऱ्यांची प्रचंड संख्याही आहे. आपल्याकडे एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले साधारण १६ कोटी लोक दारू पितात, तर भांग, गांजा, चरस घेणारे ३.१ कोटी आहेत. सरासरी आकडा समोरच्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. या ३.१ कोटींपैकी सुमारे ७२ लाख लोकांना गांजा-भांगेमुळे मदतीची गरज पडावी इतका त्रास आहे. म्हणजे दर चौघांमागे जवळपास एक. दारू आणि अफूवर्गीय नशांमध्ये हे प्रमाण तिघांमागे एक असं आहे. फरक आहे खरा, पण ‘गांजाने काही होत नाही’ असं म्हणता यावं इतका मोठा नाही.

गांजाचं नुकसान नजरेत न भरण्यामागे महाराष्ट्रापुरतं आणखी एक कारण आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे व्यसनमुक्तीचं काम उभं राहिलं ते ऐंशीच्या दशकातल्या गर्दच्या लाटेत. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने तो प्रश्न घराघरात नेला आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. व्यसनी माणूस कसा दिसतो याचं चित्र आपल्या मनात तेव्हाच ठरून गेलं : पन्नीवर ओढणारा, नशा न मिळून टर्की आली की तळमळणारा, घरातली भांडी विकणारा, काही महिन्यांत खंगलेला. या चित्रात गांजा ओढणारा बसत नाही. तो जेवतो, झोपतो, सहसा मारहाण करत नाही. त्याची घसरण फार सावकाश होते. आधी सकाळचा क्लास सुटतो, मग खेळ सुटतो, मग जुने मित्र तुटतात. परीक्षेचे विषय मागे राहतात, पण त्याचं त्याला काही वाटेनासं होतं. घरच्यांना तो आळशी वाटतो, मोबाइलच्या नादी लागलेला वाटतो. दारुडा पडतो, धडपडतो, त्याला कावीळ होते आणि मग कुणीतरी त्याला उपचाराला आणतं. गांजाचा रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा दोन-चार वर्षं निघून गेलेली असतात, आणि ती वर्षं शिक्षणाची, आयुष्याची घडी बसण्याची असतात.

केस-पेपर भरताना आम्ही जे विचारतो त्यातून हा धोका उलगडत जातो. पहिल्यांदा कधी ओढला? आता दिवसातून किती वेळा? उठल्याउठल्या लागतो का? साधा माल की कडक ‘हायड्रो’? चिलीम, कागद की बाँग? आणि एक प्रश्न घरच्यांच्या ध्यानीमनीही नसतो : तंबाखू किती घालतोस? आपल्याकडे गांजा निव्वळ क्वचितच ओढला जातो. काड्या-बिया वेचायच्या, गांजा तळहातावर चुरायचा, सिगारेट मोकळी करून तिच्यातला तंबाखू त्यात मिसळायचा आणि ते कोनात भरायचं, अशी रीत. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं म्हणणारा मुलगा रोज अशा चार-पाच कोनांमधून निकोटीन घेत असतो. गांजा सोडताना त्याला होणारा निम्मा त्रास निकोटीनचा असू शकतो, आणि हे लक्षात न घेता ठरवलेला उपचार फसतो. गांजा विरुद्ध तंबाखू अशी तुलना कागदावर ठीक आहे. आपल्याकडच्या कोनात मात्र दोन्ही एकत्रच असतात, आणि तंबाखूने देशात दरवर्षी १३ लाखांहून अधिक माणसं दगावतात.

आता मुख्य मुद्दा, मनाच्या आजाराचा. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला आणि निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर आजतागायत लक्ष ठेवलं जात आहे. तिथेही पंधराव्या वर्षाच्या आत गांजा सुरू करणाऱ्यांचा धोका उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसला. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांसह वास्तवाचं भान सुटण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होती. टीएचसी दहा टक्के किंवा त्याहून जास्त असलेला कडक माल रोज घेणाऱ्यांमध्ये ती जवळपास पाचपट होती. दारूनेही भास होतात, एमडीसारख्या उत्तेजकांनी तर होतातच. पण घडत असलेल्या मेंदूवर, आजार उमटण्याच्या नेमक्या वयात, घरात कुणाला पत्ता लागू न देता रोज होणारा मारा हे गांजाचं वैशिष्ट्य आहे, आणि ‘जीव घेतो का’ या प्रश्नात त्याला जागाच नाही. मूळ धोका लहान आहे, हेही सांगायला हवं. गांजा ओढणाऱ्या बहुसंख्य मुलांना स्किझोफ्रेनिया होत नाही. पण ज्याला होतो त्याचं आणि त्याच्या घराचं सगळं आयुष्य त्या आजाराभोवती फिरू लागतं.

यावरचा सर्वांत दमदार आक्षेप कार्यकारणाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गांजामुळे मन बिघडतं, की मन बिघडू लागलेली मुलंच गांजाकडे वळतात? अस्वस्थता, संशय, झोप न लागणं ही आजाराची सुरुवातीची लक्षणं असतात आणि त्यांवर उतारा म्हणून मुलगा चिलीम हातात घेऊ शकतो. ड्युनेडिनमध्ये अकराव्या वर्षीच दिसलेली लक्षणं हिशेबात धरली तेव्हा गांजाचा वाटा कमी झाला. त्याच शहरातल्या आणखी एका अभ्यासात, किशोरवयापासून सतत गांजा घेणाऱ्यांचा बुद्ध्यंक घसरल्याचं २०१२ साली म्हटलं होतं. पण २०१६ साली जुळ्या भावंडांची तुलना झाली तेव्हा गांजा घेणारा आणि न घेणारा यांच्यात तसा फरक दिसला नाही, म्हणजे घर आणि परिस्थिती यांचाही हात असणार. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं बदलत नाही, याची कारणं दोन. एक म्हणजे प्रमाण आणि ताकद वाढली तसा धोकाही वाढत गेलेला दिसतो, आणि पहिला झटका येऊन गेल्यावरही गांजा चालू ठेवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळतं. निव्वळ योगायोगाने असा क्रम लागत नाही. दुसरं कारण रोजच्या कामातलं. समजा काही मुलं आधीच नाजूक असतात म्हणून गांजाकडे वळतात. मग ज्यांना तो सर्वांत जास्त बाधणार तीच मुलं त्याच्याकडे सर्वांत जास्त ओढली जातात, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा या आक्षेपाने काळजी कमी होण्याऐवजी तिची दिशा पक्की होते : मामाला, आत्याला, आजोबांना मानसिक आजार होता का, हे प्रत्येक घरात विचारलं गेलं पाहिजे.

दुसरा आक्षेप परंपरेचा. महाशिवरात्रीला भांग चालते, साधू-बैरागी चिलीम ओढत आले, मग आजच एवढी ओरड कशाला? या आक्षेपाच्या बाजूने एक भक्कम दस्तऐवज आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवून १८९४ साली अहवाल दिला. गांजामुळे वेडाची रुग्णालयं भरली आहेत, असा तेव्हा बोलबाला होता. आयोगाने त्या रुग्णालयांची दप्तरं तपासली. १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे आजाराचं कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. एकेक प्रकरण पडताळल्यावर त्यांतली निम्मीसुद्धा टिकली नाहीत. पुष्कळदा रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाने सांगितलं म्हणून ‘गांजा’ हा शब्द रकान्यात पडला होता. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, असं आयोगाने म्हटलं, आणि गांजाच्या बाजूने बोलणारे नेहमी इथेच थांबतात. अहवाल मात्र पुढे जातो. अतिसेवनाने, विशेषतः मन मुळात दुबळं असेल किंवा आनुवंशिक कल असेल तर, वेड लागू शकतं, असं त्यातच नमूद आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा, गांजावर बंदी नको म्हणणारा अहवालसुद्धा प्रमाण आणि घराणं याच दोन गोष्टींकडे बोट दाखवतो.

शिवाय परंपरेतली भांग आणि आजच्या पोराच्या हातातला कोन एकच नव्हेत. भांग म्हणजे पानं. ती पोटातून सावकाश चढते, आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या १९८५ च्या व्याख्येत पानांना गांजा म्हटलेलं नाही. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, धुरातून काही सेकंदांत मेंदूत पोचणारे. त्यातही ताकद बदलते आहे. अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ साली टीएचसी सरासरी चार टक्के होतं, ते २०१४ साली बारा टक्क्यांवर गेलं. बंद खोलीत दिव्यांखाली, मातीशिवाय वाढवलेला हायड्रो गांजा बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो आहे. आंध्र-ओडिशा सीमेवरून येणारा साधा माल आणि हा हायड्रो एकाच नावाखाली विकले जातात. देशी दारूच्या मापाने कुणी स्पिरिट प्यायला तर काय होईल, हे आपल्याला सांगावं लागत नाही. गांजाच्या पुडीवर तर ताकद लिहिलेलीही नसते.

शरीराच्या बाबतीत मी थोडक्यात लिहिते, कारण तिथे गांजा खरोखरच दारू-तंबाखूच्या मागे आहे. रोजच्या धुराने खोकला आणि कफ जडतो. फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध मात्र सिद्ध झालेला नाही. गरोदरपणी ओढल्यास बाळाचं वजन कमी भरतं. ओढून गाडी चालवल्यास अपघाताचा धोका वाढतो. तो दारूइतका वाढत नाही, पण दोन्ही एकत्र घेतलं की हिशेबच बदलतो. एक त्रास मात्र इथे सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तो डॉक्टरांकडूनही निसटतो. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येतात. दिवसभर ओकाऱ्या, पोटात कळा, पाणीही ठरत नाही. आराम पडतो तो फक्त कढत पाण्याने, म्हणून माणूस तास-तासभर बाथरूममधून बाहेर येत नाही. एंडोस्कोपी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल येतं. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी या विकाराचं वर्णन केलं. गांजाने मळमळ थांबते, अशी ख्याती असल्यामुळे रुग्ण त्यावर आणखी ओढतो आणि त्रास वाढत जातो. गांजा पूर्ण बंद करणं हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

‘गांजाचं व्यसनच लागत नाही’ हा समज अजून पक्का आहे. अमेरिकेतल्या १९९४ च्या एका विख्यात विश्लेषणानुसार, एकदा तरी तो पदार्थ घेतलेल्यांपैकी तंबाखूच्या आहारी ३२ टक्के, हेरॉइनच्या २३, दारूच्या १५ आणि गांजाच्या ९ टक्के लोक गेले. नऊ हा आकडा या चौघांत सर्वांत खालचा आहे हे खरं, पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये तो दर सहा जणांमागे एक इतका वर जातो. वय किती महत्त्वाचं आहे ते इथे पुन्हा दिसतं. उपचाराच्या खोलीत आणखी एक अडचण समोर येते. गर्दसाठी आमच्याकडे ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूसाठी नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या आहेत, तंबाखूसाठी निकोटीनचं च्युइंगम आहे. गांजाच्या व्यसनावर मान्यता मिळालेलं औषध अजून एकही नाही. उपचार म्हणजे बोलणं, दिनक्रम बसवणं, संगत बदलणं, झोप दुरुस्त करणं आणि हे सगळं महिनोन्महिने चिकाटीने करत राहणं. ‘हलकी’ समजली जाणारी नशा सोडवताना आमच्या हातात साधनं मात्र सर्वांत कमी असतात.

पालक, शिक्षक आणि पोलीस यांचा आक्षेप वेगळा असतो : गांजा हेरॉइनपेक्षा कमी घातक आहे असं मुलांना सांगणं म्हणजे परवानगी देणंच नाही का? त्यांची तळमळ मला कळते, तरीही हे मत मला पटत नाही. कायदासुद्धा फरक करतो. त्याच्या लेखी गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत आहे, हेरॉइनची फक्त पाच ग्रॅम. आणि मुलाला अनुभव असतो. त्याने मित्रांना ओढताना पाहिलेलं असतं, त्यांतलं कुणी मेलेलं नसतं. ‘एकदा ओढलास की संपलास’ हे आपलं वाक्य त्याच्या डोळ्यांदेखत खोटं ठरतं, आणि मग एमडी किंवा गर्दबद्दल आपण खरं सांगितलं तरी त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. गांजा ओढणारे बहुतेक जण पुढे हेरॉइनकडे जात नाहीत. जे जातात त्यांना तिथवर नेण्यात विक्रेता, संगत आणि कोवळ्या वयातली सुरुवात यांचा मोठा वाटा असतो. आमच्या कामाचं भांडवल म्हणजे मुलाचा विश्वास. अतिशयोक्तीने तो गेला की मुलगा पुन्हा ओपीडीत येत नाही. औषधी उपयोगाच्या मुद्द्यालाही असंच सरळ उत्तर द्यावं. गांजातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकापासून बनवलेल्या औषधाला काही दुर्मीळ बालअपस्मारांसाठी अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. मोजलेल्या मात्रेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली, नेमक्या आजारासाठी दिलेलं ते औषध आहे. त्यावरून मित्राच्या गच्चीवरचा कोन निर्धोक ठरत नाही.

म्हणून मुलांशी बोलताना ‘कोणती नशा वाईट’ या वादात वेळ घालवू नये, असं मी आग्रहाने सांगते. वय, ताकद, वारंवारता आणि घराणं या चार गोष्टी विचाराव्यात आणि त्यानुसार बोलावं. पंचविशीपर्यंत मेंदूची जडणघडण चालू असते, म्हणून सुरुवात जितकी लांबेल तितकं नुकसान टळतं. घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर त्या मुलासाठी गांजाचं सुरक्षित प्रमाण कुणालाही सांगता येणार नाही. कुणीतरी पाठलाग करतंय, टीव्हीवर माझ्याचबद्दल बोलतात, असं मुलगा म्हणू लागला तर ‘उतरेल आपोआप’ म्हणत थांबू नये, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. फोनवरून सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं, हेही घरोघरी माहीत व्हायला हवं. कारण पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवले जातात, आणि गांजाच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान या लांबवण्यानेच होतं. दारूने आणि गर्दने माणसं जास्त मरतात, हे मी कुणाहीपुढे मान्य करेन. पण सतराव्या वर्षी ज्याचं मन ढळू लागलं आहे, त्याला वाचवायला तो आकडा उपयोगी पडत नाही. त्याला वेळेवर विचारलेला प्रश्न आणि खरं सांगणारा मोठा माणूस हवा असतो.